सादरकर्ता अधिकारी म्हणून पाहिलेली एक बडतर्फी

शासकीय नोकराला नोकरीतून काढणे अशक्य असते, असे कार्यालयाबाहेर बोलले जाते आणि कार्यालयात तर ते अधिकच ठामपणे बोलले जाते. मी नायब तहसीलदार असताना शेजारच्या तालुक्यातील एका तलाठ्याविरुद्धच्या विभागीय चौकशीत माझी सादरकर्ता अधिकारी म्हणून, म्हणजे चौकशीत शासनाची बाजू मांडणारा अधिकारी म्हणून, नेमणूक झाली, तेव्हा आमच्या आस्थापना शाखेतील एका ज्येष्ठ अव्वल कारकुनांनी मला सल्ला दिला होता की, तारखांना हजर राहावे, कागद पुढे करावेत आणि फार मनाला लावून घेऊ नये, कारण शेवटी दोन वेतनवाढी रोखण्यापलीकडे काही होत नाही. त्या प्रकरणात अखेर बडतर्फी झाली आणि ती टिकलीही. पण ती होईपर्यंत जे पाहिले, त्यावरून अडचण नियमांत कमी आणि आमच्या लिहिण्याच्या सवयींत जास्त आहे, असे माझे मत बनले आणि पुढे स्वतः चौकशी अधिकारी म्हणून काम करताना ते पक्के होत गेले.

प्रकरण दिसायला साधे होते. एका बिनशेती भूखंडाच्या मालकाला थकबाकीची नोटीस गेली. ती रक्कम आपण आदल्या वर्षीच भरली आहे, असे सांगत तो गृहस्थ मूळ पावती घेऊन तहसील कार्यालयात आला. पावती गाव नमुना नऊची, म्हणजे तलाठ्याच्या पावती पुस्तकातली, छापील क्रमांकाची, शिक्क्यासह होती. त्याच पुस्तकातील त्याच क्रमांकाची स्थळप्रत, म्हणजे कार्यालयात राहणारी प्रत, काढून पाहिली, तर तिच्यावर रक्कम बरीच कमी होती. महसुली वर्ष 31 जुलैला संपते आणि त्यानंतर जमाबंदीच्या निमित्ताने तलाठ्याचे हिशेब तपासले जातात. ती तपासणी स्थळप्रती आणि चलने यांच्या आधारे होते, आणि स्थळप्रतीवरील रक्कम कोषागारात इमानेइतबारे भरलेली असल्यामुळे हिशेब दरवर्षी जुळत होता. खातेदाराच्या हातातील पावती आणि कार्यालयातील स्थळप्रत एकमेकींशेजारी ठेवून पाहण्याचा प्रसंग सहसा येतच नाही. तहसीलदारांनी मंडळ अधिकाऱ्यांना गावोगाव पाठवून खातेदारांकडील मूळ पावत्या तपासायला लावल्या, तेव्हा अशी आणखी प्रकरणे निघाली. गुन्हा दाखल झाला, तलाठ्याला अटक झाली, पोलीस कोठडी 48 तासांहून अधिक झाल्याने तो आपोआप निलंबित समजला गेला आणि प्रकरण विभागीय चौकशीच्या वाटेला लागले.

माझ्या हाती दोषारोपपत्र आले, तेव्हा ते वाचून मला प्रथम धक्का बसला. महाराष्ट्र नागरी सेवा (शिस्त व अपील) नियम, 1979 मधील नियम 8 खाली जबर शिक्षेसाठी जे दोषारोपपत्र द्यायचे, त्याला चार जोडपत्रे असतात: पहिल्यात दोषारोप, दुसऱ्यात त्या दोषारोपांना आधारभूत घटनांचे सविस्तर विवरण, तिसऱ्यात कागदपत्रांची यादी आणि चौथ्यात साक्षीदारांची यादी. या प्रकरणात जोडपत्र एकमध्ये लिहिले होते की, सदर कर्मचाऱ्याने शासकीय रकमेचा अपहार केला, कर्तव्यात कसूर केली, वरिष्ठांच्या आदेशांचा अवमान केला आणि शासनाची प्रतिमा मलिन केली. जोडपत्र दोनमध्ये तीच वाक्ये थोडी लांबवून पुन्हा लिहिलेली होती. कोणती पावती, कोणत्या पुस्तकातील, कोणत्या तारखेची, मूळ रक्कम किती, स्थळप्रतीवरील किती आणि फरक किती, यापैकी एकही गोष्ट त्यात नव्हती. साक्षीदारांच्या यादीत तहसीलदार आणि मंडळ अधिकारी होते, पण ज्यांनी पैसे दिले त्या खातेदारांपैकी कोणीही नव्हते.

असे दोषारोपपत्र कोणी दुष्ट हेतूने लिहीत नाही. आस्थापना शाखेत एक जुना नमुना असतो, त्यातील नाव आणि गाव बदलले जाते, आणि जितके आरोप जास्त तितके प्रकरण भक्कम, असा एक भाबडा हिशेब त्यामागे असतो. प्रत्यक्षात नेमके उलट घडते. आरोप मोघम असेल तर त्याला उत्तर कसे द्यायचे, असा प्रश्न अपचारी, म्हणजे ज्याच्यावर आरोप आहे तो कर्मचारी, विचारतो आणि तो प्रश्न नोकरीविषयक वाद ऐकणाऱ्या न्यायाधिकरणाला पटतो, कारण संविधानाच्या अनुच्छेद 311 ने त्याला जे हक्क दिले आहेत, त्यांपैकी आरोप काय आहेत हे कळण्याचा हक्क हा सर्वांत मूलभूत आहे. या अनुच्छेदाची आमच्याकडे विनाकारण धास्ती घेतली जाते. नेमणूक करणाऱ्या प्राधिकाऱ्याहून खालच्या दर्जाच्या अधिकाऱ्याने बडतर्फ करू नये, आणि आरोप कळवून, बाजू मांडण्याची वाजवी संधी देऊन, चौकशी केल्याशिवाय बडतर्फ करू नये, या दोनच गोष्टी तो मागतो. शिक्षा सुचवल्यावर तिच्याविषयी पुन्हा वेगळी संधी देण्याची अट तर 42 व्या घटनादुरुस्तीने 1976 मध्येच काढून टाकली. तुलसीराम पटेल प्रकरणात 1985 साली सर्वोच्च न्यायालयाने हेही स्पष्ट केले की, जिथे चौकशी करणे व्यवहार्यच नाही किंवा जिथे फौजदारी न्यायालयाने दोषी ठरवले आहे, तिथे चौकशीशिवायही कारवाई करता येते. एवढी मोकळीक असताना हात बांधले गेले आहेत, ही तक्रार मला कधी फारशी पटली नाही.

दोषारोपपत्र दुरुस्त करावे, असे टिपण मी उपविभागीय अधिकाऱ्यांना दिले. त्या वेळी तलाठ्याचे नियुक्ती प्राधिकारी तेच असल्यामुळे शिस्तभंगविषयक प्राधिकारीही तेच होते. सुरुवातीला त्यांची नाराजी दिसली, कारण दोषारोपपत्र मागे घेऊन नवे द्यायचे म्हणजे वेळ जाणार, आणि अजयकुमार चौधरी प्रकरणातील 2015 च्या निकालानंतर निलंबनाचे तीन महिने संपण्याच्या आत दोषारोपपत्र बजावले नाही, तर निलंबन पुढे चालू ठेवणे अवघड होते. पण सुनावणी सुरू होण्यापूर्वी सुधारित दोषारोपपत्र देण्यास नियमात अडकाठी नाही, हे पाहून त्यांनी मान्यता दिली. नव्या दोषारोपपत्रात प्रत्येक पावतीचा तक्ता आला, अवमान आणि मलिन प्रतिमा ही प्रकरणे गेली, खातेदार साक्षीदार म्हणून आले, आणि कागदपत्रांच्या यादीत तहसील कार्यालयातील पावती पुस्तकांची साठा नोंदवही आली. माझ्या मते त्या प्रकरणातील सर्वांत महत्त्वाचा कागद हाच होता. कोणते पुस्तक कोणत्या तारखेला कोणत्या तलाठ्याला दिले, याची नोंद आणि घेणाऱ्याची सही त्या वहीत असते. पावत्या खोट्या आहेत, कोणीतरी माझ्या नावाने फाडल्या आहेत, हा बचाव येणार हे उघड होते, आणि त्याला उत्तर त्या एका सहीत होते.

नंतरची मोठी अडचण मूळ कागदपत्रांची झाली. पावती पुस्तके आणि खातेदारांकडील मूळ पावत्या पोलिसांनी गुन्ह्याच्या तपासात जप्त केल्या होत्या आणि त्या आता न्यायालयात होत्या. आमच्या संचिकेत होत्या त्या छायाप्रती, त्याही काही अर्धवट निघालेल्या आणि कोणीही साक्षांकित न केलेल्या. कागद दाखल केला म्हणजे तो सिद्ध झाला असे होत नाही, तो कोणीतरी साक्षीतून शाबीत करावा लागतो, असे सर्वोच्च न्यायालयाने रूपसिंग नेगी प्रकरणात 2009 साली बजावले आहे, आणि अपचाऱ्याची बाजू मांडायला माझ्यासमोर उभ्या राहणाऱ्या बचाव सहायकांना तो निकाल तोंडपाठ असणार, याची मला खात्री होती. सरकारी अभियोक्त्यांच्या मदतीने न्यायालयात अर्ज करून प्रमाणित प्रती मिळवल्या. जप्तीच्या पंचनाम्याची प्रत घेतली आणि तपास अधिकाऱ्याचे नाव साक्षीदारांच्या यादीत आहे याची खातरजमा केली. हे काम कंटाळवाणे होते आणि माझ्या मूळ कामाचा भार तसाच होता. सादरकर्ता अधिकाऱ्याला वेगळा मोबदला नसतो, वेगळा लिपिकही नसतो. ज्याच्या टेबलावर निवडणूक, दुष्काळ आणि लोकशाही दिन अशी कामे एकदम येतात, त्यानेच फावल्या वेळात हे करायचे असते.

चौकशी अधिकारी हे सेवानिवृत्त, शांत आणि कमालीचे शिस्तीचे गृहस्थ होते. प्राथमिक सुनावणीत त्यांनी अपचाऱ्याला एकेक दोषारोप वाचून दाखवला आणि तो मान्य आहे का, हे विचारले. सर्व अमान्य. त्यानंतर त्याला कागदपत्रे पाहण्यासाठी तारीख दिली, त्याने बचावासाठी मागितलेल्या कागदांची यादी घेतली आणि त्यातील कोणते संबंधित आहेत व कोणते नाहीत, याचा कारणांसह आदेश रोजनाम्यात लिहिला. रोजनामा म्हणजे त्या दिवशी कोण हजर होते, काय झाले, पुढची तारीख कोणती, याची नोंद. ती तिथल्या तिथे लिहून सर्वांच्या सह्या घ्यायच्या असतात. अपचाऱ्याने तारीख पुढे मागितली की ते हरकत न घेता देत, पण ती कोणाच्या विनंतीवरून दिली हे रोजनाम्यात लिहीत आणि अपचाऱ्याची सही घेत. विलंब माझ्यामुळे झाला नाही, असे पुढे त्याने न्यायाधिकरणापुढे म्हटले, तेव्हा तोच रोजनामा आमच्या कामी आला.

पहिली हरकत अपेक्षेप्रमाणे फौजदारी खटल्याची होती. खटला चालू असताना चौकशी चालवली तर माझा बचाव उघड होईल, म्हणून चौकशी थांबवावी, असा अर्ज अपचाऱ्याने दिला. कॅप्टन एम. पॉल अँथनी प्रकरणातील 1999 चा निकाल सांगतो की, दोन्ही कारवाया एकाच वेळी चालू शकतात. आरोप गंभीर असेल आणि त्यात कायद्याचे व वस्तुस्थितीचे गुंतागुंतीचे प्रश्न असतील, तरच चौकशी थांबवणे इष्ट ठरते. इथे दोन आकड्यांतील तफावतीपलीकडे गुंतागुंत नव्हती. अर्ज फेटाळला गेला. हा निर्णय किती महत्त्वाचा होता हे नंतर कळले, कारण विभागीय चौकशी, अपील आणि न्यायाधिकरण हे सर्व टप्पे संपले तरी फौजदारी खटला साक्षीपुराव्यापर्यंतही पोहोचला नव्हता. खटल्याच्या निकालाची वाट पाहण्याचा शेरा मारून कपाटात ठेवलेली कितीतरी प्रकरणे मी नंतर पाहिली, आणि त्यांतील काहींमध्ये अपचारी निवृत्तही होऊन गेले होते.

साक्षींचे दिवस मात्र मनात राहिले. बचाव सहायक दुसऱ्या विभागात काम करणारे एक अव्वल कारकून होते. नियमाप्रमाणे सादरकर्ता अधिकारी विधिज्ञ नसेल तर अपचाऱ्याला सहसा वकील देता येत नाही, दुसऱ्या शासकीय कर्मचाऱ्याची मदत घेता येते. या गृहस्थांचा अभ्यास अनेक वकिलांना लाजवील असा होता आणि त्यांच्याशी भांडताना मला एक प्रकारचा आनंदही होत असे. त्यांनी एका वृद्ध शेतकऱ्याची उलटतपासणी घेताना विचारले, ‘तुम्हाला वाचता येते का?’ म्हातारे म्हणाले, ‘नाही.’ ‘मग पावतीवर किती रक्कम लिहिली होती, हे तुम्हाला कसे कळले?’ त्यावर ते म्हणाले, ‘पावती मला वाचता येत नाही साहेब, पण नोटा मीच मोजून दिल्या होत्या, अन् मोजता मला येतं.’ चौकशी अधिकाऱ्यांनी ते उत्तर जसेच्या तसे उतरवून घेतले.

ज्या भूखंडधारकाच्या तक्रारीवरून सगळे सुरू झाले, तो मात्र फिरला. पैसे किती दिले हे आठवत नाही, पावतीवर सही कोणाची हे सांगता येत नाही, तक्रारअर्ज दुसऱ्याने लिहून दिला होता, असे त्याने सांगितले. त्याची रक्कम परत मिळाली असावी असा माझा अंदाज होता आणि त्याला मी फारसा दोष देऊ शकलो नाही. त्याला त्या गावात राहायचे होते, आणि त्याच्या दृष्टीने प्रश्न पैशांचा होता, तो सुटला होता. मी परवानगी घेऊन माझ्याच साक्षीदाराची उलटतपासणी घेतली. पावती त्याच्या ताब्यातून जप्त झाली आणि पंचनाम्यावर त्याची सही आहे, एवढे त्याने मान्य केले, आणि तेवढे पुरेसे होते. विभागीय चौकशीत फौजदारी खटल्याप्रमाणे संशयातीत पुरावा लागत नाही. आरोप खरा असण्याची शक्यता तो खोटा असण्याच्या शक्यतेपेक्षा अधिक आहे, इतके दिसले तरी पुरते. पण काहीतरी पुरावा लागतोच, नुसता संशय चालत नाही, आणि प्राथमिक चौकशीत पूर्वी नोंदवलेले जबाब साक्षीदाराने समोर येऊन शाबीत केल्याशिवाय त्यांना वजन नसते.

हस्ताक्षराचा प्रश्न आला. मूळ पावत्यांवरील अक्षर आपले नाही, असे अपचाऱ्याचे म्हणणे होते. हस्ताक्षर तज्ज्ञांचा अहवाल पोलिसांनी मागवला होता, पण तो आलेला नव्हता. आम्ही मंडळ अधिकाऱ्यांची साक्ष घेतली. ते कित्येक वर्षे या तलाठ्याचे फेरफार, पंचनामे आणि अहवाल रोज पाहत आले होते, आणि ज्याचे अक्षर नित्य पाहण्यात आहे, त्याच्याविषयी अशा व्यक्तीचे मत ग्राह्य धरता येते. त्याला जोड मिळाली ती साठा नोंदवहीतील सहीची. पुस्तक तुम्ही घेतले ही सही तुमची आहे ना, असे चौकशी अधिकाऱ्यांनी विचारले तेव्हा अपचाऱ्याने बराच वेळ बचाव सहायकांकडे पाहिले आणि सही आपली असल्याचे सांगितले. त्यानंतर बचाव बदलला. फरकाची रक्कम मी चलनाने भरली आहे, शासनाचे नुकसान झालेले नाही, असा तो नवा बचाव होता. तपासणी सुरू झाल्यावर त्याने रक्कम खरोखरच भरली होती. पण पकडले गेल्यावर केलेली भरपाई हा आरोप पुसून टाकत नाही, उलट रक्कम आपल्याकडे होती हे त्यातून सूचित होते. बहादूरगड नगरपालिका समितीच्या 1996 च्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने असेच म्हटले आहे की, अशा प्रकरणांत रक्कम लहान की मोठी हे महत्त्वाचे नसते.

दोषारोपांपैकी फेरफार नोंदींविषयीचा एक दोषारोप आम्हाला सिद्ध करता आला नाही. हितसंबंधितांना नोटीस न देता नोंदी प्रमाणित होऊ दिल्या, असा तो होता. त्यातील तक्रारदार एकाही तारखेला आले नाहीत आणि नोटिसांची स्थळप्रत कुठे असायला हवी होती, यावर कार्यालयाचेच एकमत नव्हते. चौकशी अधिकाऱ्यांनी तो दोषारोप सिद्ध होत नाही असा निष्कर्ष काढला, आणि मला वाटते त्यामुळे बाकीच्या निष्कर्षांची विश्वासार्हता वाढली.

मी पुराव्याचा गोषवारा मांडणारे टाचण दिले, अपचाऱ्याने अंतिम बचावाचे निवेदन दिले, अहवाल आला. इथून पुढे फक्त एक पायरी उरते: करुणाकर प्रकरणातील 1993 च्या निकालानुसार अहवालाची प्रत अपचाऱ्याला द्यायची, त्याचे म्हणणे मागवायचे आणि मग निर्णय घ्यायचा. जे काम एका महिन्यात होण्यासारखे होते, त्यालाच सर्वाधिक वेळ लागला. उपविभागीय अधिकाऱ्यांची बदली झाली. नवे आले त्यांनी संचिका समजून घ्यायला मागितली, मग निवडणूक आली, मग तेही गेले. दरम्यान अपचाऱ्याला निर्वाह भत्ता चालू होता. तो सुरुवातीला अर्ध्या पगारी रजेच्या वेतनाइतका असतो आणि लांबणीला कर्मचारी जबाबदार नसेल तर पुढे वाढवावा लागतो. काम न करता मिळणारा हा पैसा पाहून लोक चिडतात, ते स्वाभाविक आहे. पण ज्या काळात हा पैसा जातो, तो बहुतांशी चौकशीचा नसतो, संचिका एका कपाटातून दुसऱ्या कपाटात जाण्याचा असतो.

तिसऱ्या उपविभागीय अधिकाऱ्यांनी बडतर्फीचा आदेश काढला. आदेश एका पानाचा होता: अहवाल वाचला, अपचाऱ्याचा खुलासा वाचला, तो समाधानकारक नाही, सबब सेवेतून बडतर्फ करण्यात येत आहे. जिल्हाधिकाऱ्यांकडील अपीलही साधारण याच शब्दांत फेटाळले गेले. महाराष्ट्र प्रशासकीय न्यायाधिकरणात, म्हणजे आमच्या बोलण्यातल्या ‘मॅट’मध्ये, प्रकरण गेले आणि आदेश रद्द झाला. न्यायाधिकरणाने चौकशीत एकही दोष काढला नाही. खुलाशातील मुद्द्यांचा विचार केल्याचे आदेशातून दिसत नाही, म्हणून अहवालानंतरच्या टप्प्यापासून नव्याने निर्णय घ्यावा, एवढेच सांगितले. वर्तमानपत्रात अर्थातच ‘तलाठ्याची बडतर्फी रद्द’ अशी बातमी आली आणि आमच्या त्या अव्वल कारकुनांनी मला फोन करून आपल्या सल्ल्याची आठवण करून दिली. बडतर्फी रद्द होऊन पुढील कार्यवाही करायची असल्याने तो मूळ बडतर्फीच्या तारखेपासून पुन्हा निलंबित समजला गेला आणि त्या संपूर्ण काळाचा निर्वाह भत्ता शासनाला द्यावा लागला. एका पानाची ही किंमत होती.

दुसऱ्या वेळी आदेश लिहिताना मला बोलावले होते. निर्णय प्राधिकाऱ्यांचाच होता आणि त्यात माझा शब्द असू नये, याची मी काळजी घेतली, पण खुलाशातील प्रत्येक मुद्दा, त्यावरील पुरावा आणि तो मुद्दा का मान्य करता येत नाही याचे कारण असा आराखडा असावा, एवढे सुचवले. सिद्ध न झालेला दोषारोप शिक्षा ठरवताना विचारात घेतलेला नाही, हेही त्यांनी लिहिले. सक्तीची सेवानिवृत्ती, सेवेतून काढून टाकणे आणि बडतर्फी यांपैकी बडतर्फीच का, याचे कारण वेगळ्या परिच्छेदात दिले, कारण सेवेतून काढून टाकलेल्याला पुढे शासकीय नोकरीची वाट बंद होत नाही, बडतर्फाला सामान्यतः ती बंद होते. शिक्षा न्यायबुद्धीला धक्का देणारी असेल तरच न्यायालय तिच्यात हात घालते, असे बी. सी. चतुर्वेदी प्रकरणात 1995 साली ठरले आहे. हा आदेश अपिलात टिकला आणि न्यायाधिकरणातही टिकला.

अप्रामाणिक माणसाचे हे झाले. अकार्यक्षम माणसाचे काय होते, याचा अनुभव मला नंतर पन्नास-पंचावन्न वर्षांच्या पुनर्विलोकनाच्या निमित्ताने आला. निवृत्तिवेतन नियम, 1982 मधील नियम 10(4) खाली ठरावीक वयानंतर लोकहितासाठी कर्मचाऱ्याला मुदतपूर्व निवृत्त करता येते. ती शिक्षा नसते, त्यामुळे चौकशी लागत नाही, पण सेवेचा संपूर्ण अभिलेख पाहून, विशेषतः अलीकडच्या वर्षांचा, मत बनवावे लागते. समितीपुढे ठेवण्याची माहिती तयार करताना ज्या लिपिकाच्या टेबलावर अर्ज वर्षानुवर्षे पडून राहत, ज्याच्याकडे काम द्यायला कोणीही शाखाप्रमुख तयार नसे, त्याची संचिका मी उघडली. एक सोडून सर्व गोपनीय अहवालांत ‘चांगला’ होते. एका वर्षी ‘निश्चित चांगला’ होते. एकही ज्ञापन नाही, एकही ठपका नाही. नोकरीच्या सुरुवातीचा परिवीक्षा कालावधी संपवल्याचा आदेशही नेहमीच्या छापील वाक्यात होता. खरे तर परिवीक्षेतील माणसाला समाधानकारक काम नाही म्हणून, त्याच्यावर कलंक न लावता, साध्या आदेशाने घरी पाठवता येते, आणि अकार्यक्षमतेवरचा एवढा सोपा इलाज संपूर्ण सेवेत पुन्हा मिळत नाही. पण त्या काळात कोणी लिहून ठेवत नाही, कारण मुलगा नवीन आहे, शिकेल. पुढे लिहिले जात नाही, कारण प्रतिकूल शेरा कळवावा लागतो, त्यावर अभिवेदन येते, त्याला उत्तर द्यावे लागते, आणि लिहिणाऱ्याची तोपर्यंत बदली झालेली असते. शेरा न कळवता ठेवावा तर तोही चालत नाही. देवदत्त प्रकरणात 2008 साली सर्वोच्च न्यायालयाने सर्वच नोंदी कळवायला सांगितले आहे. अशा कोऱ्या संचिकेवर समितीने त्याला निवृत्त केले असते तर तो आदेश मॅटमध्ये पहिल्याच तारखेला पडला असता. समितीने त्याला पुढे चालू ठेवले, आणि त्या दिवशी समितीपुढे दुसरा मार्ग नव्हता.

अनधिकृत गैरहजेरीची प्रकरणे या दोन्हींच्या मधली असतात. बडतर्फ झालेल्यांत अशा माणसांची संख्या मला नेहमी मोठी दिसली, कारण हजेरीपट हा तयार पुरावा असतो आणि अपचारी बहुधा चौकशीला येतही नाही. त्यात व्यसन असते, घरचे आजारपण असते, कधी मनाचा आजारही असतो. कृष्णकांत परमार प्रकरणातील 2012 चा निकाल सांगतो की, गैरहजेरी हेतुपुरस्सर होती हे दाखवल्याशिवाय तिला गैरवर्तणूक म्हणता येत नाही. पण समोर कोणी भांडायलाच नसते, तेव्हा तो निकाल आठवण्याची तसदी कोण घेणार? लाखोंची पावती फिरवणाऱ्याला उत्तम बचाव सहायक मिळतो आणि दारूपायी घर सोडून गेलेल्या शिपायाची चौकशी एकतर्फी होते, ही विषमता मला चौकशी अधिकारी झाल्यावर जास्त खुपू लागली. अशा प्रकरणांत मी नोटीस घरच्या पत्त्यावर बजावली गेली की नाही, हे शक्य असेल तर घरच्या माणसाला बोलावून पाहतो. एकतर्फी चौकशीतही साक्षीदार तपासावेच लागतात, कागद शाबीत करावेच लागतात. ते काम मी टाळत नाही, आणि त्यातून एखाद्या वेळी बडतर्फीऐवजी वैद्यकीय मंडळाची वाट निघते.

आता करारावर चौकशी अधिकारी म्हणून प्रकरण आले की, मी आधी अपचाऱ्याच्या निवृत्तीची तारीख पाहतो. निवृत्तीच्या आदल्या आठवड्यात, कधी आदल्या दिवशी बजावलेली दोषारोपपत्रे नवलाईची राहिलेली नाहीत. माणूस निवृत्त झाला की, त्याला बडतर्फ करण्याचा प्रश्नच उरत नाही. निवृत्तिवेतन नियमांतील नियम 27 खाली निवृत्तिवेतन कमी करणे किंवा रोखणे, एवढेच हाती राहते. आणि चौकशी निवृत्तीपूर्वी सुरू झालेली नसेल, तर घटना चार वर्षांपेक्षा जुनी असून चालत नाही. मध्यंतरी आलेल्या एका प्रकरणात अपहाराचा पुरावा निर्विवाद होता, मोजमाप पुस्तिकेवर सही होती, लेखापरीक्षणाचा आक्षेप वेळेवर आला होता आणि आक्षेपानंतर पाच वर्षे ‘खुलासा मागवावा’ व ‘खुलासा अप्राप्त, स्मरणपत्र द्यावे’ असे शेरे एकाखाली एक लिहिलेले होते. दोषारोपपत्र निवृत्तीनंतर निघाले होते. मी मुदतीच्या मुद्द्यावर दोन पानांचा अहवाल लिहिला आणि पुराव्यात न शिरता संचिका परत पाठवली.